वाचकांचे प्रश्न : रोड बाइकसोबत कोणता पंप बाळगावा?

मागील अंकात रस्त्याच्या कडेला ट्यूब कशी बदलावी, याविषयीच्या एका प्रश्नाला उत्तर दिले होते. त्यानंतर आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांचा सूर एकच आहे: ट्यूब बदलता येते, पण सोबतच्या छोट्या पंपाने टायर धड फुगत नाही. त्यामुळे या वेळी सगळी जागा पंपालाच दिली आहे. पहिल्या पत्राचे उत्तर मुद्दाम लांबवले आहे, कारण पुढच्या उत्तरांमधील हिशेब त्यावरच उभे आहेत.

प्रश्न : मी नुकतीच रोड बाइक घेतली. टायर ७०० × २५ मापाचे असून त्यांच्या कडेवर कमाल १२० पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) असे छापलेले आहे. माझे वजन ६८ किलो आहे. घरी उभा पंप आहे. वाटेत पंक्चर झाल्यास उपयोगी पडेल असा लहान पंप हवा आहे. माझ्यासमोर दोन पर्याय आहेत. एक जेमतेम १७ सेंटिमीटर लांब, खिशात सहज मावणारा, आणि त्यावर कमाल १६० पीएसआय असे लिहिले आहे. दुसरा २५ सेंटिमीटर लांब, वजनाने थोडा जास्त, आणि त्यावर १२० पीएसआय एवढाच आकडा आहे. लहान असून जास्त दाब देणारा पंपच घ्यावा, असे मला वाटते. हे बरोबर आहे का?

उत्तर : नाही. आपण लांब पंप घ्यावा, आणि पंपावर छापलेला कमाल दाबाचा आकडा निवड करताना जवळजवळ विसरून जावा. तो आकडा पंपाचे नळकांडे, वॉशर आणि जोड किती दाब सोसतील हे सांगतो. आपला हात तिथपर्यंत पोहोचेल की नाही, याच्याशी त्याचा संबंध नाही. १६० पीएसआय लिहिलेल्या पंपाने प्रत्यक्षात ७० पीएसआयपर्यंत पोहोचताना घाम फुटलेले सायकलस्वार पुष्कळ आहेत, आणि त्यात पंपाने खोटे बोलल्याचा दोषही देता येत नाही.

आधी आपल्याला दाब किती हवा, ते पाहू. टायरच्या कडेवरचा आकडा ही मर्यादा असते, शिफारस नसते. आपले वजन, सायकलीचे वजन आणि २५ मिलिमीटर रुंदीचा टायर लक्षात घेता मागच्या चाकात साधारण ८५ पीएसआय आणि पुढच्या चाकात त्याहून थोडा कमी दाब पुरेसा आहे. वाटेत पंक्चर झाल्यावर तर तेवढाही लागत नाही. ७० पीएसआय भरले, की खड्डे चुकवत घरापर्यंत निर्धास्त येता येते. त्याहून फार कमी हवेत मात्र धोका असतो. एखाद्या खड्ड्याच्या कडेवर ट्यूब रिम आणि रस्ता यांच्यामध्ये चिमटली जाते आणि शेजारी शेजारी दोन भोके पडतात. तेव्हा पंपाकडून आपली खरी अपेक्षा ७० ते ८५ पीएसआयची, म्हणजे साधारण ५ ते ६ बारची आहे. एक बार म्हणजे १४.५ पीएसआय.

आता हाताला किती जोर लावावा लागेल ते पाहू. दाब म्हणजे प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर पडणारा जोर, आणि एक बार म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला ढोबळमानाने एक किलो. पंपातल्या दट्ट्याचा व्यास २० मिलिमीटर असेल, तर त्याचे क्षेत्रफळ ३.१ चौरस सेंटिमीटर होते. ६ बार दाबाविरुद्ध तो पुढे ढकलण्यासाठी सुमारे १९ किलोचा जोर लागतो. दट्ट्याचा व्यास २५ मिलिमीटर असेल, तर हाच जोर ३० किलोवर जातो आणि ३० मिलिमीटरला ४३ किलोवर. वॉशरचे घर्षण याखेरीज वेगळे. उभ्या पंपावर माणूस आपल्या अंगाचे वजन टाकतो, म्हणून ४३ किलोचे तिथे काही वाटत नाही. हातात धरलेल्या पंपाला मात्र दोन्ही हात एकमेकांकडे दाबावे लागतात. तिथे २० किलोपर्यंत ठीक चालते, ३० किलोला बहुतेकांचे दंड थरथरू लागतात. म्हणूनच रोड बाइकचा पंप बारीक असावा लागतो. हे बहुतेक कंपन्यांना ठाऊक असते, आणि आपले दोन्ही पंपही बहुधा बारीकच असतील.

पण बारीक पंपात एका वेळी हवा कमी मावते, आणि लांबीचा प्रश्न इथेच येतो. २५ मिलिमीटरच्या टायरच्या आत जवळपास एक लिटर जागा असते. त्यात ६ बार दाब निर्माण करायचा, तर बाहेरची सहा लिटर हवा आत कोंबावी लागते. १७ सेंटिमीटरच्या पंपातून मूठ, टोक आणि जोड वजा केले, की दट्ट्याला सरकण्यासाठी ११ सेंटिमीटरच्या आसपास जागा उरते. २० मिलिमीटर व्यासाला त्यात ३५ घनसेंटिमीटर हवा बसते. म्हणजे सगळे अगदी आदर्श गृहीत धरले तरी १७० वेळा पंप मारावा लागेल, आणि प्रत्यक्षात दोनशेच्या पुढे. २५ सेंटिमीटरच्या पंपात दट्ट्या १७ सेंटिमीटर सरकत असेल, तर एका वेळी ५३ घनसेंटिमीटर हवा जाते आणि ११५ च्या आतबाहेर काम आटोपण्याची शक्यता निर्माण होते.

फरक केवळ मोजणीचा असता, तर थोडा वेळ जास्त लागला एवढेच म्हणून सोडून देता आले असते. पण दाब वाढल्यावर लहान पंपाची अडचण आणखी वाढते. टायरमध्ये ६ बार दाब असताना नळकांड्यातली हवा आधी साधारण सातव्या हिश्श्यापर्यंत आवळावी लागते. तेव्हा कुठे तिचा दाब टायरइतका होतो आणि व्हॉल्व्ह उघडतो. ११ सेंटिमीटरच्या प्रवासातील पहिले नऊ सेंटिमीटर केवळ हवा आवळण्यात जातात. ती टायरमध्ये शिरते ती शेवटच्या दीड-पावणेदोन सेंटिमीटरमध्ये, आणि नेमक्या त्याच टप्प्यात जोर सर्वांत जास्त लागतो. दमलेला माणूस दांडा पूर्ण आत न नेता दोन सेंटिमीटर आधीच मागे खेचतो, आणि पन्नास वेळा पंप मारूनही टायर तसाच का, म्हणून चक्रावतो. अशा वेळी पंप खराब झालेला नसतो; हवा नुसती आवळली आणि सैल सोडली जात असते. दांडा टोकाला टेकेपर्यंत नेलेले सावकाश वीस स्ट्रोक घाईच्या पन्नासांपेक्षा जास्त हवा भरतात.

दांडा पूर्ण आत गेल्यावरही नळकांड्याच्या तळाशी जी थोडी पोकळी उरते, तीही लहान पंपाला महागात पडते. तिथे एक घनसेंटिमीटर जागा उरली, तर ६ बारला तिच्यात बाहेरची सात घनसेंटिमीटर हवा अडकून बसते. ३५ मधून सात गेले म्हणजे पाचवा हिस्सा गेला. ५३ मधून सात गेले, तर फारसे बिघडत नाही.

दुकानात एक गोष्ट जरूर करावी. पंपाची बाहेरची लांबी न पाहता दांडा पूर्ण बाहेर ओढावा आणि तो किती बाहेर येतो ते पट्टीने मोजावे. तीच पंपाची खरी लांबी. दुकानदाराने परवानगी दिली, तर रिकाम्या टायरला पंप जोडून शंभर वेळा मारून पाहावे. ते शक्य नसेल, तर विकत आणल्यावर पहिल्याच दिवशी घरी टायर पूर्ण रिकामा करून तो फक्त या पंपाने भरावा. पंपाची खरी ओळख रस्त्यावर पहिल्यांदा होण्यात काही अर्थ नाही.

प्रश्न : माझ्याकडे जाडजूड, ठेंगणा पंप आहे, मुलाच्या माउंटन बाइकसाठी घेतलेला. माझे वय ६१ असून मनगटांत पूर्वीसारखी ताकद नाही. माझ्या रोड बाइकच्या टायरमध्ये ५० पीएसआयपर्यंत हवा भराभर भरते, पण पुढे पंप जागचा हलत नाही. मी सोबत पंप नेणेच सोडून द्यावे का?

उत्तर : सोडू नये, पंप बदलावा. माउंटन बाइकच्या टायरमध्ये जागा पुष्कळ आणि दाब कमी असतो, म्हणून त्या पंपांचा दट्ट्या जाड ठेवलेला असतो. आपल्या पंपाचा व्यास २५ मिलिमीटर धरला, तर ५० पीएसआयला आपण सुमारे १७ किलोचा जोर लावत आहात, आणि तो काही कमी नाही. एवढाच जोर १८ मिलिमीटर व्यासाच्या दट्ट्यावर लावला, तर ९० पीएसआयपर्यंत मजल जाऊ शकते. स्ट्रोक जवळपास दुप्पट लागतील, पण थांबत थांबत मारता येतील. काही कंपन्या एकाच पंपाचे दोन प्रकार विकतात, एक जास्त हवेचा आणि एक जास्त दाबाचा. आपल्याला दुसरा हवा.

त्याहूनही सोयीचा एक प्रकार आहे, आणि आपल्या परिस्थितीत मी तोच सुचवेन. दिसायला तो थोडा मोठा मिनी पंपच असतो, पण त्याच्या खालच्या टोकाला पाय ठेवण्यासाठी दुमडणारी छोटी पट्टी, वर आडवी फिरवता येणारी मूठ आणि बाजूला लवचीक नळी असते. टोपीक कंपनीचा रोड मॉर्फ हे या जातीचे बरेच जुने आणि परिचित उदाहरण. पंप जमिनीवर टेकवून, पट्टीवर पाय ठेवून, वरून अंगाचे वजन टाकता येते. मग मनगटांवर भार पडत नाही. खिशात तो मावत नाही, तो सायकलीच्या सांगाड्यावरच लावावा लागतो, आणि वजनही साध्या मिनी पंपाच्या दुपटीच्या आसपास असते. वजनाचे हिशेब करणारी मंडळी यावर नाक मुरडतात. त्यांनी खुशाल मुरडावे.

साध्याच पंपाने भागवायचे असेल, तर हाताच्या ठेवणीनेही बराच फरक पडतो. पंपाची नळी लांब असेल, तर पंपाचे टोक गुडघ्याला, मांडीला किंवा भिंतीला टेकवून दोन्ही तळव्यांनी मूठ दाबावी. दोन्ही हात हवेत धरून पंप मारण्यात निम्मी ताकद पंप सरळ ठेवण्यातच खर्च होते.

प्रश्न : दोनदा असे झाले, की पंप मारता मारता व्हॉल्व्ह मुळापासून फाटला आणि नवी ट्यूब वाया गेली. माझा पंप थेट व्हॉल्व्हवर दाबून बसवायचा आणि खटका उचलून घट्ट करायचा, अशा प्रकारचा आहे. नळी असलेला पंप घेतल्याने हा त्रास थांबेल का?

उत्तर : थांबेल, आणि माझ्या मते नळी असणे ही निवडीतली दुसरी महत्त्वाची अट आहे, पहिली अर्थात दांड्याची लांबी. थेट बसणाऱ्या पंपात हाताचा प्रत्येक हेलकावा व्हॉल्व्हपर्यंत पोहोचतो. व्हॉल्व्हची धातूची नळी जिथे ट्यूबच्या रबराला जोडलेली असते, तिथे ते रबर रिमच्या भोकाच्या कडेवर घासते आणि चिरते. ही चीर व्हॉल्व्हच्या बुडाशी असल्याने तिला ठिगळही लावता येत नाही. शिवाय रोड बाइकला बहुधा प्रेस्टा व्हॉल्व्ह असतो. तो जेमतेम ६ मिलिमीटर जाडीचा, आणि त्याच्या टोकाची पितळी काडी तर एवढी नाजूक, की पंप तिरका ओढला तरी वाकते.

नळीमुळे हा हेलकावा व्हॉल्व्हपर्यंत पोहोचत नाही. दहा-पंधरा सेंटिमीटरची नळी पुरते, त्याहून आखूड असेल तर फारसा फायदा नाही. बऱ्याच पंपांत ती दांड्याच्या पोकळीत सरकवून ठेवता येते. तिथे धूळही शिरत नाही. लेझाइनसारख्या कंपन्यांचे पंप नळी व्हॉल्व्हवर आटे फिरवून बसवतात. ही जोडणी सर्वांत घट्ट असते, हवा गळत नाही, पण तिची एक खोड माहीत असावी. हवा भरून झाल्यावर नळी उलटी फिरवून काढताना कधी कधी व्हॉल्व्हचा आतला गाभाच तिच्याबरोबर सुटून येतो. क्षणार्धात सगळी हवा जाते आणि दोनशे स्ट्रोकांचे श्रम पाण्यात. गाभा सुटणारा असेल, तर त्याच्या टोकाजवळ दोन्ही बाजूंना चपटे केलेले दिसते. नवी ट्यूब पिशवीत ठेवण्यापूर्वीच तो छोट्या किल्लीने आवळून ठेवावा. नळीच्या टोकाला दाब सोडण्याचे बटण असेल, तर काढण्यापूर्वी ते दाबावे. नळीतला दाब गेला की आटे सहज फिरतात.

पंप काढताना येणारा फुस्स आवाज ऐकून अनेक वाचक हवा गेली म्हणून पुन्हा पंप जोडतात, असे पत्रांवरून दिसते. तो आवाज बहुतांशी नळीतल्या हवेचा असतो. प्रेस्टा व्हॉल्व्ह आतल्या दाबानेच बंद होतो. त्यातून जाते ती किरकोळ.

दोन्ही बाजूंनी वापरता येणारी नळी, म्हणजे एका टोकाला प्रेस्टा आणि दुसऱ्या टोकाला मोटारीच्या टायरसारखा श्रेडर, मिळाली तर उत्तमच. पण आपल्या सायकलीला श्रेडर नसेल, तर त्यासाठी अडून बसू नये. उंच कडांची रिम असेल, तर मात्र व्हॉल्व्ह रिमच्या बाहेर किती डोकावतो ते आधी पाहावे. पंपाच्या तोंडाला पकडायला दीडेक सेंटिमीटर तरी मिळाला पाहिजे. नाहीतर चांगल्यातला चांगला पंपही निकामी ठरतो.

आणि सध्याचाच पंप वापरायचा असल्यास: डाव्या हाताच्या मुठीत पंपाचे तोंड धरताना अंगठा टायरवरून पलीकडे न्यावा, म्हणजे तोंड आणि चाक एकत्र पकडले जातात. डावा हात स्थिर, हालचाल फक्त उजव्या हाताची. प्रेस्टाची पितळी टोपी सैल केल्यावर काडी बोटाच्या टोकाने एकदा दाबून फुस्स करावी. अडकलेला व्हॉल्व्ह मोकळा होतो आणि पहिले चार-पाच स्ट्रोक वाया जात नाहीत.

प्रश्न : माझे टायर ३२ मिलिमीटरचे ट्यूबलेस आहेत आणि रिमच्या आत टायर अडकवणारी, हुकसारखी वळलेली कड नाही (म्हणजे ती हुकलेस आहे). मलाही बारीक पंपच लागेल का?

उत्तर : आपल्याला थोडा जाड पंप चालेल. ३२ मिलिमीटरच्या टायरमध्ये दीड लिटरहून अधिक जागा असते, पण दाब ४ बारच्या आसपास पुरतो. बाहेरची एकूण हवा साडेसहा लिटरच लागते, म्हणजे २५ मिलिमीटरच्या टायरपेक्षा फारशी जास्त नाही. ४ बारला २५ मिलिमीटर व्यासाचा दट्ट्या ढकलायला २० किलो जोर लागतो, आणि दांडा १५ सेंटिमीटर सरकत असेल तर नव्वद-शंभर स्ट्रोकांत टायर भरतो. रुंद टायर वापरणाऱ्यांचे पंपाचे कष्ट खरोखर कमी होतात.

आपल्या प्रकारच्या रिमला दाबाची कमाल मर्यादा ५ बार, म्हणजे ७२.५ पीएसआय आहे. टायरवर किंवा रिमवर याहून कमी मर्यादा छापली असेल, तर तीच पाळावी. हातपंपाने ती ओलांडली जाण्याची भीती थोडीच, पण पुढे गॅसच्या नळकांडीविषयी लिहिले आहे, तिथे ही गोष्ट लक्षात ठेवावी.

छोट्या पंपाकडून एक काम मात्र होणार नाही. टायरची कड रिममधून पूर्ण निसटली असेल, तर ती पुन्हा बसवायला हवेचा एकदम मोठा झोत लागतो, आणि तो मिनी पंप देऊ शकत नाही. वाटेत भोक पडले, तर रबरी वात घालून ते बुजवावे आणि गेलेली हवा पंपाने भरावी. तेवढ्याने भागले नाही, तर ट्यूबलेस व्हॉल्व्ह काढून ट्यूब घालावी. म्हणून ट्यूबलेस असले तरी एक ट्यूब सोबत हवीच. हवा भरताना व्हॉल्व्ह चाकाच्या तळाशी येणार नाही असे चाक फिरवून घ्यावे. नाहीतर आतला सीलंट, म्हणजे भोके बुजवणारा द्रव, पंपाच्या नळीत शिरतो आणि तिथेच वाळतो.

प्रश्न : सोबतचे सगळे सायकलस्वार कार्बन डायऑक्साइडच्या नळकांड्या वापरतात. काही सेकंदांत टायर टणक होतो. मग पंपाचे ओझे कशाला?

उत्तर : नळकांडी रिकामी झाल्यावर दुसरे पंक्चर होते, एवढ्यासाठी. शर्यतीत किंवा घाईत तिला तोड नाही, हे मान्य. १६ ग्रॅमच्या नळकांडीतला वायू मोकळा केला, तर साधारण साडेआठ लिटर भरतो. म्हणजे २५ मिलिमीटरच्या टायरला तो पुरून उरतो आणि ३२ मिलिमीटरच्या टायरमध्ये ५ बारच्या आसपास दाब देतो. वर सांगितलेली ५ बारची मर्यादा असलेल्यांनी म्हणूनच झडप असलेले तोंड वापरावे आणि वायू थोडा थोडा सोडावा. वायू सुटताना नळकांडी गोठते, तिच्यावर हिम धरते. उघड्या हाताने ती धरू नये.

हा वायू ट्यूबच्या रबरातून साध्या हवेपेक्षा पुष्कळ वेगाने झिरपतो, त्यामुळे दुसऱ्या दिवशी टायर मऊ लागतो. घरी पोहोचल्यावर तो पूर्ण सोडून साधी हवा भरावी. ट्यूबलेसमध्ये काही सीलंटना हा वायू मानवत नाही. बाटलीवरची सूचना वाचून घ्यावी. विमानप्रवासात या नळकांड्यांवर बंधने असतात, तेव्हा विमान कंपनीचा नियम आधी विचारावा.

माझ्या मते नळकांडी पंपाऐवजी नव्हे, पंपासोबत असावी. नवी ट्यूब बसवल्यावर पंपाने दहा-पंधरा स्ट्रोक मारून तिला गोल आकार द्यावा, चाकाच्या दोन्ही बाजूंनी ती टायरखाली कुठे चिमटली नाही ना ते बघावे, आणि मगच वायू सोडावा. चिमटलेल्या ट्यूबमध्ये एकदम वायू सोडला, तर ट्यूब फुटते. तेव्हा नळकांडीही संपलेली असते आणि ट्यूबही.

प्रश्न : तळहाताएवढे विजेवर चालणारे पंप आता मिळतात. हात न दुखवता, पडद्यावर आकडा बघत हवा भरता येते. मिनी पंप कालबाह्य झाला, असे समजावे का?

उत्तर : ज्यांच्या हातांत जोर नाही त्यांच्यासाठी ही खरोखर उपयोगी वस्तू आहे, आणि त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. पण तिची मर्यादा बॅटरीत आहे. सर्वांत लहान आकाराच्या पंपांत एक-दोन टायर पूर्ण दाबापर्यंत भरण्याइतकीच शक्ती असते, आणि पंक्चर काही पंप चार्ज केल्याच्या दुसऱ्याच दिवशी होत नाही. पिशवीत महिनोन्‌महिने पडून राहिलेली बॅटरी उतरते. म्हणून महिन्यातून एकदा ती तपासण्याची सवय ज्यांना लागणार नाही, त्यांनी या पंपावर विसंबू नये. पावसापासूनही तो जपावा लागतो.

हवा झपाट्याने आवळली, की तापते. त्यामुळे या पंपांचे तोंड चांगलेच गरम होते. आपल्याकडे टीपीयूच्या, म्हणजे एका प्रकारच्या प्लास्टिकच्या, हलक्या ट्यूब असतील आणि त्यांचा व्हॉल्व्ह प्लास्टिकचा असेल, तर पंप थेट त्यावर न बसवता सोबत मिळणारी छोटी नळी मध्ये घालावी. पंपाचा आवाजही मोठा असतो. पहाटेच्या शांततेत टायर भरताना ते विशेष जाणवते. लांबच्या प्रवासाला निघालेल्याने याच्या जोडीला हाताचा पंप ठेवावाच, असे मी म्हणेन.

प्रश्न : मिनी पंपाला दाबमापक असावा का?

उत्तर : असल्यास हरकत नाही, पण त्यासाठी जास्त पैसे मोजू नयेत. नखाएवढ्या तबकडीवर दहा-पंधरा पीएसआयचा फरक धड वाचताही येत नाही, आणि प्रत्येक स्ट्रोकला काटा उड्या मारतो. त्यापेक्षा घरी एकदा रिकाम्या टायरला आपला पंप लावून मोजून शंभर, दीडशे, दोनशे स्ट्रोक मारावेत आणि प्रत्येक टप्प्यावर उभ्या पंपाच्या मापकाने दाब पाहावा. प्रेस्टा व्हॉल्व्हवर उभा पंप नुसता जोडल्याने काटा हलत नाही. एक-दोन स्ट्रोक मारून व्हॉल्व्ह उघडला, की खरा आकडा दिसतो. आलेले आकडे कागदावर लिहून ट्यूबच्या पिशवीत ठेवावेत. रस्त्यावर मग नुसते मोजले तरी पुरते.

प्रश्न : माझ्या वडिलांच्या सायकलीवर सांगाड्याच्या नळीखाली स्प्रिंगने अडकवलेला लांब पंप होता, आणि त्याने टायर पटकन टणक होत असे. तसे पंप आता का दिसत नाहीत? आणि माझा आताचा पंप बाटलीच्या कप्प्याशेजारी खडखडतो, दोन पावसाळ्यांनंतर जडही झाला आहे. त्याचे काय करावे?

उत्तर : तो पंप पटकन काम करत असे, कारण त्याचा दांडा मिनी पंपाच्या दुपटीहून जास्त सरकत असे, पहिल्या उत्तरातला हिशेब तिथेही लागू पडतो. इटलीत १९१७ साली सुरू झालेली सिल्का आणि फ्रान्सची झेफाल या कंपन्यांचे असे पंप नावाजलेले होते. वरची नळी आडवी आणि सांगाड्याचा त्रिकोण मोठा असे, तोवर त्यांना हक्काची जागा होती. आता वरची नळी उतरती झाली, नळ्यांचे आकार जाड आणि चपटे झाले आणि पंप अडकवण्याची खुंटी नाहीशी झाली. आपली सायकल जुन्या घडणीची असेल, तर तसा पंप शोधून जरूर लावावा. दूरच्या भटकंतीसाठी हाताने मारायच्या पंपांत मला तोच अजूनही सर्वांत चांगला वाटतो.

खडखडाटाचे कारण बहुधा सैल पट्टा असते. पंप आणि कंस यांच्यामध्ये जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळावा आणि वरून वेल्क्रोचा किंवा रबरी पट्टा आवळावा. उघड्यावर बसवलेल्या पंपात चाकाने उडवलेले चिखलाचे बारीक कण शिरतात, म्हणून तोंडाला झाकण असलेलाच पंप सायकलीवर लावावा. नसेल तर तो पिशवीत ठेवणे बरे. जर्सीच्या मागच्या खिशात ठेवल्यास घामाने धातूचे भाग हळूहळू खराब होतात, तेव्हा घरी आल्यावर पुसून ठेवावा.

जड झालेला पंप टाकून देऊ नये. बहुतेक पंपांचे डोके आटे फिरवून उघडते. दांडा बाहेर काढून दट्ट्यावरची रबरी कडी आणि नळकांड्याचा आतला भाग कोरड्या कापडाने पुसावा, कडीला चीर गेली असेल तर तिच्या मापाची नवी घालावी, आणि सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर लावून पंप पुन्हा जुळवावा. खनिज तेल किंवा गंज सोडवणारा फवारा वापरू नये, कारण काही प्रकारचे रबर त्याने फुगते आणि दांडा आणखी अडतो. पंप जुळवल्यावर तोंड अंगठ्याने घट्ट बंद करून दांडा दाबावा. तो उसळून मागे आला तर कडी धरते आहे. हळूहळू आत जात राहिला, तर हवा कुठून निसटते ते पाण्यात बुडवून पाहावे.